डॉक्टर एवारिस्तोंचा हलका हात

माझे वरचे सगळे दात अकॉर्डियनच्या तालावर गेले. थट्टा करत नाहीये. ब्राझीलमधल्या आमच्या लाजेदो फुंदो गावच्या शनिवारच्या बाजारात एक इसम दात काढायला बसायचा. सगळे त्याला पक्कडच म्हणायचे, खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही देव जाणे. त्याच्या शेजारी स्टुलावर अकॉर्डियनवाला. पक्कडने दात धरला रे धरला की हा जोरजोरात वाजवायला लागायचा, म्हणजे दात काढून घेणाऱ्याचं ओरडणं रांगेतल्या पुढच्याच्या कानावर जायला नको. मी सोळा वर्षांची होते आणि माझं लग्न ठरलं होतं. दोन शनिवारांत चौदा दात गेले. त्यातले तीन किडलेले, बाकीचे धडधाकट. नवरा चार वर्षांत वारला, कवळी अजून आहे.

आमच्याकडे ही रीतच होती. दात आज ना उद्या किडणार, दुखणार, मग त्याचा खर्च जावयाच्या बोडक्यावर कशाला? त्यापेक्षा लग्नाआधीच काढून टाकायचे आणि छान पांढरीशुभ्र कवळी बसवून मुलगी द्यायची. कवळी बहुतेक वेळा मुलीचा धर्मपिता द्यायचा, लग्नाचा आहेर म्हणून. सगळ्याच मुलींच्या नशिबी हे यायचं असं नाही हं. निम्म्या पोरी पक्कडला बघूनच पळत सुटायच्या, आया रडायच्या, शेवटी बाप वैतागून म्हणायचा, राहू दे. म्हणजे निम्म्या पोरींचे दात त्या कसायाच्या भीतीनेच वाचत होते. हे मी आत्ता शहाणी होऊन सांगते आहे. त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हा प्रकाश पडला नव्हता, आणि डॉक्टरांच्या तर नाहीच नाही.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर एवारिस्तो. आमच्याच गावच्या खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. रेसिफेला जाऊन दातांची पदवी घेतली आणि तिथे राहायचं सोडून परत आले या धुळीत. लोकांनी तोंडात बोटं घातली. मी तेव्हा विधवा, हाताला काम नाही, म्हणून त्यांच्याकडे अवजारं उकळायला लागले, ती पुढे बावीस वर्षं तिथेच राहिले. माणूस कसा होता ते एका गोष्टीवरून सांगते. दवाखान्याच्या खुर्चीवर शेजारची कोंबडी येऊन बसली तर हे तिला हाकलायचे नाहीत. शेजारी उभे राहून वाट बघायचे. मी फडक्याने हाणायची कोंबडीला, तर माझ्याकडे असं बघायचे की जणू मी त्यांच्याच पाठीत घातला फटका. अशा माणसाने दात काढायचा धंदा का निवडला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण हात! तसा हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही. आधी सुन्न करायच्या औषधाची कुपी मुठीत धरून बसायचे, दोन-तीन मिनिटं, ती अंगाइतकी कोमट होईपर्यंत. गार औषध जास्त झोंबतं म्हणायचे. मग हिरडीला वरून बधिर करायचं औषध चोळायचे, आणि सुई टोचताना दुसऱ्या हाताने गाल हलकेच हलवत राहायचे. माणसाचं लक्ष गालाकडे, सुई कधी गेली पत्ता नाही. औषध आत सोडायलाही दम धरून, थेंबाथेंबाने.

आणि चिमटा तर सगळ्यात शेवटी. खरं काम पात्याने. वडिलांच्या दुकानातल्या धार लावायच्या पाणदगडावर त्यांनी स्वतः घासून काही पाती केली होती, नखाहून पातळ. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात, दात त्यांनीच धरून ठेवलेला असतो. ते पातं त्या फटीत घालायचं, हळूहळू दाताभोवती फिरवायचं आणि ते तंतू सोडवत जायचं. डाव्या हाताचं बोट आणि अंगठा दोन्ही बाजूंनी हाडाला धरून. मग थोडा दाब द्यायचा आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. मी सुरुवातीला म्हणायची, डॉक्टर, झोप लागली का? ते म्हणायचे, हाडाला वेळ द्यावा लागतो, ते जरासं पसरतं, मग आपणच दात सोडतं. ओढायचं काही नसतं. दाढ असली तर तिची मुळं आधी वेगळी करून एकेक काढायचे, सगळी दाढ एकदम उपटायची नाही. मग चिमट्याने दात अलगद उचलायचा, खड्डा दोन बोटांनी दाबून पुन्हा जागच्या जागी बसवायचा, कापडाची घडी चावायला द्यायची. बऱ्याच जणांना दात निघाल्याचं मला सांगावं लागायचं. ते विश्वास ठेवायचे नाहीत, जिभेने चाचपून बघायचे आणि मग हसायचे.

नाव झालं. खेचरांवर बसून तीस-तीस किलोमीटरवरून माणसं यायला लागली. पक्कड वर्षभरातच दुसऱ्या गावच्या बाजारात गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो. मला तर फारच वाटलं, माझा हिशोब होता ना त्याच्याशी चौदा दातांचा.

फक्त डॉक्टरांना दात वाचवायचेही होते आणि ते कुणालाच नको होतं. पायाने चालवायचं यंत्र होतं त्यांच्याकडे, कीड कोरून चांदी भरायचे. लोक म्हणायचे, डॉक्टर, भरलेला दात उद्या पुन्हा दुखणार, काढलेला कधी दुखेल का? काढूनच टाका, तुमच्या हाताने तर कळतही नाही. डॉक्टर समजावायचे, बापांना, नवऱ्यांना, आयांना. बाप मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलीला घेऊन परत यायचे. किडलेले काढून चांगले ठेवायचे, एवढ्यावर डॉक्टर कसंबसं निभावून नेत होते. पण दरवर्षी लग्नाआधीच्या मुलींची रांग वाढतच होती, आणि दरवर्षी डॉक्टर थोडे जास्त गप्प होत होते.

मग सत्तर साली लिंडाउराचं लग्न ठरलं.

लिंडाउरा डॉक्टरांची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला तिला यांनीच हातात धरलं होतं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही, त्यामुळे सगळा जीव त्या पोरीवर. सात वर्षांची असल्यापासून दर सहा महिन्यांनी खुर्चीत बसवून तिचे दात बघायचे. खालच्या दोन दाढांत चांदी भरलेली, बाकी सगळं तोंड मोत्यासारखं. गुळाचा खडा तिच्या हातात दिसला की माझ्यावर ओरडायचे, जणू मीच गुळाचा कारखाना चालवते. तिचा बाप तिबुर्सियो, शेळ्या राखणारा, बोलायला फटकळ पण मनाचा साधा. मुलीच्या धर्मपित्याला आमच्याकडे कोंपाद्रे म्हणतात, ते नातं भावाहून घट्ट. तिबुर्सियो एके दिवशी सकाळी टोपी हातात घेऊन आला आणि खुर्चीत न बसता दारातच उभा राहिला.

नवरा मुलगा जोवेंतीनो कामासाठी साओ पाउलोला निघाला होता, लग्न करून हिला घेऊनच जाणार होता. त्याच्या आईची एकच अट होती. तिकडे दात दुखला तर माझ्या मुलाने कुणाच्या दारात जायचं? सूनबाई इथूनच दात काढून, कवळी बसवून जाऊ दे, वरचे-खालचे सगळे. तिबुर्सियो म्हणाला, कोंपाद्रे, आहेर तुमचा आणि हातही तुमचाच, आणखी काय पाहिजे माझ्या पोरीला.

डॉक्टर नाही म्हणाले. आधी शांतपणे, मग तेवढ्या शांतपणे नाही. मी बावीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला तेव्हाच ऐकला. म्हणाले, अठ्ठावीस चांगले दात आहेत, मी एकालाही हात लावणार नाही. तिबुर्सियोचा चेहरा पडला, मग लाल झाला. तो टोपी डोक्यावर घालत एवढंच म्हणाला, "ठीक आहे, कोंपाद्रे. पक्कड शनिवारी उंबूझेरोच्या बाजारात असतो. नेतो मी तिला तिकडे."

आणि नेली असती हो. तो बोललेलं करणारा माणूस. त्याच दुपारी लिंडाउरा स्वतः आली. दारातच थांबली, धर्मपित्याकडे, तिच्या पाद्रिन्योकडे, बघून आशीर्वाद मागितला, आणि मग रडायलाच लागली. तिला काय हवंय ते डॉक्टरांनी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. लग्न मोडायला नको. पक्कडच्या हातात जायला नको. "पाद्रिन्यो, तुम्हीच काढा ना. तुमच्या हाताची मला भीती नाही वाटत."

ती गेल्यावर डॉक्टर बराच वेळ पाती पुसत बसले. मी आत जाऊन जे बोलले ते आता सांगते, कारण ते माझ्याच तोंडून निघालं आणि त्याचं ओझं मलाच वाहायचं आहे. मी म्हटलं, माझ्या तोंडात बघा. माझा जबडा अजून डाव्या बाजूला वाकडा आहे, थंडीत ठणकतो. तुम्ही नाही केलंत तर ती त्याच्याकडे जाणार. तुमचं तत्त्व तुमच्याजवळ राहील आणि पोरीचा जबडा फुटेल. ते पाती पुसतच राहिले. मग मीच तिबुर्सियोकडे गेले आणि सौदा केला: खालचे राहतील, वरचे निघतील. जोवेंतीनोची आई नाक मुरडत का होईना, तयार झाली. मला तेव्हा वाटलं, किती हुशार मी, चौदा दात वाचवले.

चार बैठकी झाल्या, दर आठवड्याला एक. डॉक्टरांनी आयुष्यात इतकं सुंदर काम कधी केलं नसेल. एकेका दाताला अर्धा-अर्धा तास. कोवळ्या वयाचं हाड, निरोगी दात, मुळं घट्ट रुजलेली, आणि कुठे रक्ताचा जास्तीचा थेंब नाही, हिरडीला चीर नाही, हाडाला धक्का नाही. थांबायचे ते इतके थांबायचे की लिंडाउरा डुलकी काढायची. ट्रेमधले ते दात मी धुवायची. पांढरे, लांब मुळांचे, एकाही दाताला डाग नाही.  डॉक्टर त्या ट्रेकडे एकदाही बघायचे नाहीत.

शेवटची बैठक संपली तेव्हा पोरीने कापडाची घडी तोंडात धरून त्यांचा हात हातात घेतला आणि त्यावर ओठ टेकले. बोबडं बोबडं म्हणाली, "पाद्रिन्यो, काहीच दुखलं नाही. एवढंसुद्धा नाही." डॉक्टर हसले. आत जाऊन मोरीवर हात धुवत राहिले. मी दोनदा पाणी आणून दिलं, तरी धुवतच होते.

जूनमध्ये संत जुआंवच्या सणाला तिने भाजलेल्या कणसाचे दाणे सुरीने खरवडून खाल्ले आणि हसली. ऑगस्टमध्ये नवी कवळी घालून लग्न झालं. सगळ्या गावाने बघितली ती कवळी. बायका वळून वळून बघत होत्या. आणि लिंडाउरा सगळ्यांना एकच सांगत होती, काहीच दुखलं नाही.

तिची बस गेली आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात रांग लागली. एकीचं लग्न डिसेंबरात, एकीचं पुढच्या वर्षी, एकीचं ठरलेलंही नाही. एक आई माझ्याशी गप्पा मारत बसली होती, दार उघडंच होतं. म्हणाली, पक्कड असता तर मी पोरीला मेले तरी आणली नसती हो, पण डॉक्टरांचा हात इतका हलका, मग कशाला थांबायचं? आत डॉक्टरांच्या हातातलं पातं खाली पडलं. मी वळून बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे. सगळं त्यांना त्या एका क्षणी समजलं, आणि त्यांच्याकडे बघून मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरीना आली. लिंडाउराची धाकटी बहीण, बारा वर्षांची. एकटीच आली, कुणाला न सांगता. बाहेर पाच-सहा जणी आयांबरोबर बसलेल्या, त्यांना ओलांडून सरळ आत, खुर्चीवर चढून बसली आणि आ केला. म्हणाली, ताईसारखी कवळी मलाही पाहिजे, लग्नापर्यंत कोण थांबतंय, दुखत तर नाहीच.

मी तिला उतरवायला पुढे झाले. डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. त्यांनी खालच्या खणातून एक जुना चिमटा काढला, गंजका, रेसिफेहून आणलेला, कधी न वापरलेला. तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. मग दातातली कीड चाचपायची टोकदार शोधणी घेतली, आणि ना औषध, ना कुपी, ना गाल हलवणं, सरळ तिच्या वरच्या हिरडीत खुपसली आणि तशीच दाबून धरली.

ती पोर जी किंचाळली. माझ्या हातातलं भांडं पडलं. डॉक्टर तिच्या कानाशी वाकून, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हे काहीच नाही. दात काढताना याच्या शंभरपट दुखतं. चौदाही वेळा." कोरीना खुर्चीतून उडी मारून पळाली, हनुवटीवर रक्त, रस्ताभर ओरडत. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. एक सँडल तेवढी राहिली होती कुणाची तरी.

आत डॉक्टर खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले होते. मी त्यांचे हात माझ्या हातात धरून ठेवले. मला म्हणाले, "दोना किटेरिया, कुणाला सांगायचं नाही. कळलं तर उद्या पुन्हा रांग." मी शब्द दिला.

पुढचं काय सांगू. डॉक्टरांचा हात गेला, अशी आवई उठली. कुणी म्हणालं दारू प्यायला लागले, कुणी म्हणालं डोकं फिरलं, लहान लेकराच्या तोंडात सुया खुपसतात. तिबुर्सियो दवाखान्यात येऊन त्यांच्या तोंडावर थुंकला. कोंपाद्रेपणा तिथेच संपला. डॉक्टरांनी गाल पुसला, बस. लग्नाच्या मुली यायच्या बंद झाल्या, ही गोष्ट खरी. पण ज्यांना खरंच गरज होती तेही यायचे बंद झाले. दाढ सुजून डोळा मिटेपर्यंत माणसं घरात कण्हत बसायची आणि मग कुठे यायची, आली की डॉक्टर तीच कुपी मुठीत धरायचे, तसंच थांबायचे. बाहेर जाऊन तो माणूस सांगायचा, नाही दुखलं, तर लोक म्हणायचे याचं नशीब. तिबुर्सियोची दाढ पिकून जबड्याला भोक पडलं, तीन आठवडे तापात होता. तरी यांच्या दारात आला नाही. डॉक्टर मात्र रोज संध्याकाळी त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, पिशवी घेऊन. मी शिव्या घालायची दोघांनाही.

लिंडाउराची पत्रं येत राहिली. पहिली-पहिली आनंदाची. मग पाच-सहा वर्षांनी लिहिलं की हिरड्या झिजल्यात, कवळी हलते, तिथला डॉक्टर विचारतो की इतक्या लहानपणी हे कुणी केलं. तिने लिहिलं होतं, मी सांगितलं त्याला, माझ्या पाद्रिन्योने, आणि फार प्रेमाने केलं. डॉक्टरांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला.

डॉक्टर गेले एक्याऐंशी साली. दफनाला माणसं मोजकीच. कोरीना आली नाही. तिचं तोवर लग्न झालं होतं, दोन पोरी होत्या, घर चर्चच्या मागेच, दहा पावलांवर. मला राहवलं नाही. शब्द दिला होता, पण ज्याला दिला तो मातीत गेला. मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती ऊस सोलत होती, दातांनी. करकरीत, सगळेच्या सगळे दात. तिने मला खुर्ची दिली, कॉफी ओतली. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं, ट्रेमधल्या दातांपासून शोधणीपर्यंत. म्हटलं, तुझ्या तोंडात आज जे आहे ते त्यांनी ठेवलं, पोरी, आणि त्यासाठी स्वतःचं नाव घालवलं.

मला वाटलं होतं ती रडेल. तिने ऊस खाली ठेवला, हात पुसले, आणि जीभ वरच्या हिरडीवरून फिरवली, त्या एका जागी. 

"एवढं सगळं माझ्यासाठी केलं," ती म्हणाली, "पण मला सांगितलं का नाही, मावशी? बाबांना समजावलं, तुम्ही त्यांच्याशी सौदा केला. ताईला कुणी एकदा तरी खुर्चीत बसवून सांगितलं का, की तुझे दात चांगले आहेत, ते जन्मभर टिकतील? मी बारा वर्षांची होते, बहिरी नव्हते. मी ऐकलं असतं."

मी तोंड उघडलं. बावीस वर्षं त्या खोलीत डॉक्टर काय काय बोलले ते सगळं मला पाठ होतं, कुठल्या बापाला काय, कुठल्या आईला काय. एकाही मुलीला बोललेलं मला आठवेना. मी स्वतः बोललेलंही आठवेना, आणि माझ्या तोंडात तर चौदा कारणं होती बोलायला.

तिच्या पोरी दारात येऊन उभ्या होत्या. कॉफी निवून गेली, तरी मी ती प्यायले, कारण उठून जायचं कसं ते मला सुचत नव्हतं.